रेफरर स्पॅमसाठी शब्दांची काळी यादी: आठ महिन्यांनंतर

रेफरर म्हणजे वाचक ज्या लिंकवरून आला ते पान; स्पॅमवाले तिथे खोटा पत्ता भरून आपली लिंक आकडेवारीत घुसवतात. अशा पत्त्यांतले शब्द ओळखून त्या भेटी अडवणारी, आठ महिने चाललेली यादी गेल्या आठवड्यात पुसून नव्याने लिहावी लागली, आणि कारण एकच शब्द: 'सिआलिस'. औषधाचं नाव, स्पॅमवाल्यांचं लाडकं, म्हणून तयार याद्यांत हमखास असतं. पण 'स्पेशालिस्ट' इंग्रजीत लिहा आणि चौथ्यापासून नवव्यापर्यंतची अक्षरं वाचा. तोच शब्द! 'सोशालिस्ट'मध्ये तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत. ज्या डोमेनच्या नावात स्पेशालिस्ट आहे, तिथल्या लिंकवरून येणारा प्रत्येक खरा वाचक ४०३ ('प्रवेश नाही') बघून परत जात होता. तक्रार तरी कोण करणार? ज्याला पानच उघडत नाही, तो संपर्काचा फॉर्म कुठून भरणार?

शब्दाच्या दोन्ही बाजूंना सीमाखूण (उलटी तिरकी रेघ आणि 'बी'; म्हणजे शब्द सुटा असेल तरच जुळतो) लावली की स्पेशालिस्ट सुटतो. पण ती सरसकट लावली तर चार शब्द चिकटवून केलेली कॅसिनोची डोमेनंही सुटतात, आणि स्पॅमवाले नावं चिकटवूनच घेतात. म्हणून दुसऱ्या शब्दांच्या पोटात सापडणाऱ्यांनाच सीमाखूण, 'कॅसिनो'ला नको.

पहिले दोन महिने यादीबद्दल मत फार चांगलं होतं. ऑस्टॅट्स या भेटी मोजणाऱ्या प्रोग्रॅममधला रेफररचा तक्ता स्वच्छ झाला होता. पण ऑस्टॅट्स मुळात २०० (पान दिलं) आणि ३०४ (पान बदललेलं नाही) हेच प्रतिसाद मोजतं. ४०३ सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) पडतच राहतात. बॉट थांबत नाहीत, फक्त तक्त्यात दिसत नाहीत. त्यात ४०३चं पान वर्डप्रेसकडून तयार होत असेल, तर अडवलेली प्रत्येक विनंती पीएचपी, म्हणजे वर्डप्रेसचा कोड, चालवतेच. त्याजागी एका ओळीचं साधं एचटीएमएल पान ठेवा. सर्व्हर इंजिनएक्स असेल तर ४४४ द्या, उत्तर न देता कनेक्शन बंद होतं.

अपाचे सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमध्ये, म्हणजे एचटीअ‍ॅक्सेसमध्ये दोन जागा घातक आहेत. अटींच्या शेवटच्या ओळीवर 'ओआर' ('किंवा') राहिला, तर नियम सगळ्यांनाच लागू होतो आणि पूर्ण साइट ४०३. शब्द उभ्या रेघेने जोडले असतील आणि शेवटी एक रेघ जास्त राहिली, तरी तेच: रिकामा पर्याय कशाशीही जुळतो, रेफरर नसलेल्या थेट वाचकाशीसुद्धा. डोमेनमधल्या टिंबाआधी उलटी तिरकी रेघ हवीच, नाहीतर ते टिंब कुठल्याही अक्षराशी जुळतं.

आता यादीत मोजके बाराच शब्द आहेत आणि तेही फक्त डोमेनच्या भागात शोधले जातात. बाकी काम माटोमो या आकडेवारीच्या प्रोग्रॅमची स्पॅम डोमेनांची खुली यादी करते. पूर्ण डोमेन जुळवलं की स्पेशालिस्टसारखे घोळ जवळजवळ होतच नाहीत. रेफररच्या लिंक दाखवणाऱ्या आकडेवारीच्या पानाला पासवर्ड लावला, हे तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. स्पॅमवाल्याला लिंक हवी असते ती तिथेच.

प्रत्येक बदलानंतर तीन चाचण्या: कर्ल या कमांडने पान मागवायचं, रेफरर ठरवणाऱ्या 'ई' पर्यायाने एक स्पॅम डोमेन, एक स्पेशालिस्टवालं डोमेन, आणि एकदा रेफररशिवाय. उत्तरं ४०३, २००, २०० याच क्रमाने यायला हवीत.