राजारामपुरीत शिवून घेतलेली १९७९ ची ओकलंड जर्सी: कापड एक नंबर, गळ्याला मार

जर्सी कुठनं केली, कशी आहे, आपणपण घ्यावी का, हे सगळे विचारायलेत म्हणून एकदाच लिहून टाकतो. घ्या बिनधास्त. कापड भारी, शिलाई भारी, रंग तर नाद खुळा, फक्त गळ्याच्या पट्टीत मार खाल्लाय, त्याचं खाली लिहिलंय. दुकान कोल्हापुरात राजारामपुरीत आहे, नाव मुद्दाम टाकत नाही कारण तक्रारपण करणार आहे आणि दुकानातले काका माणूस म्हणून सोनं आहेत, उगच त्यांच्या धंद्याला धक्का नको.

जर्सी कसली तर ओकलंड अ‍ॅथलेटिक्सची, अमेरिकेतली बेसबॉल टीम, २०२४ पर्यंत ओकलंडात होती, तिकडं सगळे ए'ज म्हणतात. झगझगीत हिरवी, व्ही गळा, बटणं नाहीत, सरळ डोक्यातनं घालायची, गळ्याला आणि बाहीला पिवळी-पांढरी पट्टी. सत्तरच्या दशकात बेसबॉलवाल्यांनी लोकरीचे जाड कपडे सोडून डबल निट पॉलिस्टर घालायला सुरुवात केली त्या वेळचं डिझाईन. बाकीच्या टीमा पांढऱ्या नाहीतर करड्या कपड्यात खेळायच्या आणि ह्यांच्या मालकानं, चार्ली फिन्लीनं, पोरांना हिरवं-पिवळं घालून वर पांढरे बूट दिलेले. मिशा ठेवा म्हणून १९७२ ला खेळाडूंना ३०० डॉलर बोनस देणारा हाच तो. मिशीला पैसे, म्हणजे आपल्याकडं असता तर लय लोकप्रिय झाला असता.

काकांनी माप घेता घेता विचारलं, दादा कुठल्या सालातली करायची? म्हटलं १९७९. त्या साली कप मारला होता व्हय? म्हटलं नाही काका, १६२ पैकी १०८ मॅच हरले होते. काका टेप हातात धरून बघतच राहिले, म्हणाले मग जिंकलेल्या सालातली करा की, पैसे तेवढेच पडतात.

बरोबर आहे त्यांचं. १९७२, ७३, ७४ अशी सलग तीन वर्षं ह्याच टीमनं वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिकडचा सगळ्यात मोठा कप, मारली होती आणि बाजारात रेडिमेड मिळते ती त्याच सालांची. पण ती कुणीपण घालेल. मला ७९ चीच पाहिजे होती कारण ही टीम खेळून खेळून नाही संपली, मालकानं हातानं संपवली, आणि ती गोष्ट मला जिंकण्यापेक्षा जास्त आवडते.

झालं असं की कॅटफिश हंटर म्हणून त्यांचा मेन पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, त्याच्या वर्षाच्या एक लाख डॉलरमधले पन्नास हजार विम्याच्या ॲन्युइटीत, म्हणजे पेन्शनसारख्या योजनेत, भरायचे असं कराराला लिहिलेलं आणि फिन्ली, जो स्वतः विम्याच्या धंद्यातला माणूस, त्यानं ते भरलेच नाहीत. प्रकरण लवादाकडं गेलं, १९७४ च्या डिसेंबरात हंटर मोकळा झाला आणि वर्ष संपायच्या आत न्यूयॉर्कच्या यांकीज टीमनं उचलला. मग नियमच बदलायला लागले, खेळाडू करार संपला की फुकटात जाणार हे दिसल्यावर फिन्लीनं १९७६ च्या सीझनआधीच रेजी जॅक्सनला बाल्टिमोरला देऊन टाकला, जूनमध्ये व्हायडा ब्लूला यांकीजला १५ लाख डॉलरला आणि जो रूडी, रॉली फिंगर्सला बॉस्टनला दहा-दहा लाखाला विकायला काढलं. आख्ख्या बेसबॉलचा कमिशनर बोवी कून मधे पडला आणि म्हणाला सौदा रद्द. म्हणजे पैसेपण नाहीत, आणि सीझन संपल्यावर रूडी, फिंगर्स, टेनेस, बँडो, कॅम्पानेरिस सगळे पाखरागत उडाले. आपल्याकडं केएसएची, म्हणजे कोल्हापूरच्या फुटबॉल संघटनेची, खेळाडू नोंदणी सुरू झाली की पेठेत आठवडाभर कोण कुठं गेला ह्याचीच चर्चा असते, इथं आख्खी टीमच गेली.

मग १९७७ ला ६३ विजय, ९८ पराभव, डिव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या गटात, शेवटचा नंबर. सिएटल मरिनर्स ही त्याच वर्षी जन्माला आलेली टीम, तीपण ह्यांच्या वर. १९७८ तर अजून गमतीचं, सुरुवातीला २४ जिंकून १५ हरले होते, एक नंबरला होते आणि मॅनेजर, म्हणजे तिकडचा कोच, बॉबी विंकल्सनं राजीनामा दिला! पहिल्या नंबरवर असताना मॅनेजर पळून जातो तो मालक कसला असेल बघा. शेवटी ६९-९३. त्याच सीझनच्या सुरुवातीला मोठं रेडिओ स्टेशनच ठरलं नव्हतं, बर्कलेच्या विद्यापीठातल्या पोरांच्या १० वॅटच्या स्टेशनवरनं मॅच ऐकवत होते. फिन्ली स्वतः शिकागोत बसायचा आणि ओकलंडचा एक पोरगा स्टॅन्ली बरेल त्याला फोनवर मॅच सांगायचा, हा पोरगा पुढं एमसी हॅमर म्हणून जगभर गाजला.

आणि ७९. ५४-१०८. १७ एप्रिलला सिएटलबरोबर घरच्या मैदानावर मॅच होती, प्रेक्षकांचा आकडा ६५३. स्टेडियम पन्नास हजाराच्या आसपासचं. शाहू स्टेडियमवर लीगच्या साध्या मॅचला, ऊन असलं तरी, ह्याच्यापेक्षा जास्त माणसं असतात आणि शिव्या देणारे वेगळे. आख्ख्या सीझनला मिळून ३ लाख ६ हजार ७६३ लोक आले, त्यांच्यातला प्रत्येक माणूस खरा सपोर्टर असणार असं माझं मत, कारण फुकटची हवा घ्यायला आलेला एकपण नसणार.

आता जर्सीवर येतो, लय लांबलं. पाठीवर मी ह्याच टीमच्या रिकी हेंडरसनचा ३९ नंबर टाकायला सांगितला. काकांच्या पोरानं मोबाईलवर बघून २४ सांगितला, तोपण चूक नाही, रिकी हेंडरसन म्हटलं की सगळ्यांना २४ च आठवतो, पण २४ जून १९७९ ला पहिल्यांदा मैदानात आला तेव्हा अंगावर ३९ होता. त्या फुटक्या टीममध्ये अर्ध्या सीझनला येऊन पोरानं ३३ बेस चोरले. चोरले म्हणजे बॅटरनं बॉल मारायची वाट न बघता, पिचर बॉल टाकत असतानाच पळून मैदानातला पुढचा टप्पा, म्हणजे बेस, गाठायचा, धाडसाचं काम आहे. पुढच्या वर्षी १०० केले. नंबर पिवळ्या कापडाचा कापून वर शिवलाय, प्रिंट नाही, आणि हे काम काकांनी असलं केलंय की आतनं हात फिरवला तरी दोरा टोचत नाही. छातीवरचा ए'जचा लोगोपण तसाच, कोपरे एकदम धारदार. ह्याला पैकीच्या पैकी मार्क.

कापड डबल निट, जरा जड, ताण दिला की परत जागेवर येतं. मे महिन्यात दुपारी घालून बिंदू चौकापर्यंत गाडीवर जाऊन बघा, घामानं पाठीला चिकटतंय, पण ते कापडाचं आहे, काकांचं नाही. पावसाळ्यात आणि थंडीत मस्त. शोल्डरची शिलाई दुहेरी, काखेत जागा सोडलीय, हात वर केला तरी जर्सी पोटावर चढत नाही.

तक्रार दोन. गळ्याची रिब, म्हणजे विणीची पट्टी, ढिली, दोन-चार वेळा डोक्यातनं काढली की व्हीचा आकार जातो आणि गळा यू होतो, जिथं डोक्यातनं घालायचीच जर्सी आहे तिथं रिब कडक पाहिजे हे कळायला पाहिजे होतं. दुसरं, पहिल्या धुण्यात हिरवा सुटून पांढऱ्या पट्टीवर उतरला. काकांना दाखवलं तर म्हणाले मिठाच्या पाण्यात भिजवायची होती, अहो मग देतानाच सांगायचं ना. पण पट्टी बदलून दिली, पैसे घेतले नाहीत, हेपण लिहिलं पाहिजे.

खर्च हजाराच्या आत बसला, रेडिमेड बाहेरनं मागवली तर त्याच्या कितीतरी पट जातात. मापाला एक साईझ मोठी सांगा, त्या काळातला फिट अंगाला घट्ट असायचा आणि काका फोटो बघून सेम तसंच शिवतात, आपलं पोट फोटोत नसतं. रिब डबल लावा म्हणून आधीच सांगा. मी आता पिवळी जर्सी शिवायला टाकायला गेलो होतो तर काका म्हणाले तेवढ्या रंगाचं कापड एका पीससाठी परवडत नाही, सहा जण घेऊन या. तीन झालोय.