हिरड्याचे नवे बिऱ्हाड : 'चॅम्पियन्स ऑनलाइन'

'सिटी ऑफ हीरोज' हा इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचा सुपरहिरोंचा खेळ बंद होणार हे 31 ऑगस्ट 2012 ला जाहीर झाले आणि त्याच दिवशी तो खेळ सांभाळणाऱ्या पॅरागॉन स्टुडिओजचे कामही थांबले. सर्व्हर 30 नोव्हेंबर 2012 पर्यंतच चालू राहिले. शिक्षणासाठी 2005 साली अमेरिकेत आलो तेव्हापासून या खेळात मी 'हिरडा' नावाचे एक पात्र वाढवले आहे. हिरडा 'डिफेंडर' आहे. मारामारी त्याला बेताचीच जमते, पण सोबत्यांच्या जखमा भरून काढण्यात त्याचा हात धरणारा आमच्या टीममध्ये कोणी नाही. त्याला नवे बिऱ्हाड शोधून देणे भाग होते, म्हणून गेले सहा आठवडे मी 'चॅम्पियन्स ऑनलाइन' हा तसाच दुसरा खेळ खेळून पाहत आहे.

हे दोन्ही खेळ मुळात एकाच हातचे आहेत. 2004 मध्ये 'सिटी ऑफ हीरोज' तयार केला तो क्रिप्टिक स्टुडिओजनेच. त्याचे हक्क 2007 साली एनसीसॉफ्ट या कंपनीकडे गेल्यावर क्रिप्टिकने 'चॅम्पियन्स' या टेबलावर फासे टाकून खेळायच्या जुन्या खेळाचे विश्व घेतले आणि सप्टेंबर 2009 मध्ये हा दुसरा खेळ आणला. जानेवारी 2011 पासून तो विनामूल्यही खेळता येतो. त्यामुळे इथे आल्यावर, ओळखीच्या गवंड्याने बांधलेल्या दुसऱ्या घरात शिरल्यासारखे होते. कोनाडे कुठे असतील याचा अंदाज असतो, पण दिव्याचे बटण दर वेळी चाचपावे लागते.

पोशाखाच्या दालनात मात्र काहीच चाचपावे लागले नाही. पहिली संपूर्ण संध्याकाळ मी तिथेच घालवली आणि तिचा मला जराही पश्चात्ताप नाही. शरीराची ठेवण, मुखवटे, शेपट्या, शिंगे, चिलखताचे तुकडे आणि प्रत्येकाचे वेगवेगळे रंग जुन्या खेळातही भरपूर होते. इथे त्यांवर कॉमिकच्या पानासारखी काळी बाह्यरेषा येते, आणि जुन्या खेळात थोडासा फिकट दिसणारा हिरड्याचा हिरवा झगा इथे शाईने रंगवल्यासारखा उठून दिसतो. नावाचीही अडचण नाही, कारण पात्राच्या नावामागे खेळाडूची स्वतःची खूण जोडली जात असल्याने एकाच नावाची कितीही पात्रे सुखाने नांदू शकतात. अर्थात 'हिरडा' या नावासाठी माझ्याशी आजवर कोणीच भांडलेले नाही.

लढाईची रीत बदलली आहे आणि ती अंगवळणी पडायला मला आठवडा लागला. जुन्या खेळात शक्तीची निळी पट्टी सुरुवातीला भरलेली असे आणि ती पुरवून पुरवून वापरावी लागे. इथे ती हलक्या, विनाखर्चाच्या वारांनी आधी भरावी लागते आणि मगच मोठा वार करता येतो. शत्रू जोराचा हल्ला करणार असेल तर त्याच्या डोक्यावर खूण उमटते. ती दिसताच बचावाची कळ दाबून धरली नाही, तर उभ्याउभ्या आडवे व्हायची वेळ येते. मिशनच्या मध्यात चहाचा घोट घ्यायची माझी सात वर्षांपासूनची सवय त्यामुळे मोडली. लढाई पूर्वीपेक्षा जिवंत झाली आहे, हे मात्र कबूल करायला हवे.

उडणे, बर्फावरून घसरणे, जमिनीखालून बोगदा काढत जाणे, अशी प्रवासाची एखादी शक्ती इथे सुरुवातीच्या धड्यानंतर लगेच हाती येते. 'सिटी ऑफ हीरोज'च्या पहिल्या काळात तिच्यासाठी चौदाव्या लेव्हलपर्यंत, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या चौदाव्या पायरीपर्यंत, पायपीट करावी लागे. मिलेनियम सिटी हे मुख्य शहर, कथेनुसार, 1992 मध्ये डॉक्टर डिस्ट्रॉयर या खलनायकाने उद्ध्वस्त केलेल्या डेट्रॉइटच्या जागी उभे आहे. ते वरून पाहायला देखणे आहे, पण गल्लीबोळ लक्षात राहावेत असे नाही.

पैसे न भरता खेळणाऱ्याला पात्रांचे ठरावीक साचे मिळतात, ज्यांत कोणत्या लेव्हलला कोणती शक्ती मिळणार हे बहुतांशी आधीच ठरलेले असते. 2012 मध्ये दरमहा सुमारे पंधरा डॉलर भरले की कोणत्याही गटातली शक्ती कोणत्याही शक्तीशी जोडता येई. मी आधी 'द माइंड' हा विनामूल्य साचा घेऊन पाहिला आणि मग एका महिन्याचे पैसे भरले. पॉवरहाउस या जागेत नवी शक्ती पक्की करण्यापूर्वी वापरून बघता येते, ही सोय मला अतिशय आवडली. या मोकळिकीमुळे माझा नवा हिरडा जखमाही भरतो, आगही ओकतो आणि मारही सोसतो.

माझी खरी तक्रार इथेच आहे. जुन्या हिरड्याला एकट्याने गल्लीतले चार गुंडही जड जात, म्हणून तो पुढे उभा राहणाऱ्या 'टँकर'ला हाक मारी, आणि टँकरलाही हिरडा हवा असे. लेव्हलमध्ये कितीही अंतर असले तरी टीममध्ये सगळ्यांना एका पातळीवर आणणारी व्यवस्था तिथे होती, त्यामुळे काल आलेला नवखाही पन्नासाव्या लेव्हलच्या जुन्याजाणत्यासोबत फिरू शके. इथे ज्याचा तो समर्थ आहे. शहर एकच असले तरी त्याच्या क्रमांक घातलेल्या प्रती असतात. काल भेटलेला आज दुसऱ्या प्रतीत असतो. सहा आठवड्यांत मला टीमसाठी आपणहून आलेली निमंत्रणे मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकतो. जुन्या खेळात तेवढी ॲटलस पार्क या तिथल्या शहरभागातल्या पायऱ्यांवर तासाभरात येत.

तरीही महिना संपल्यावर मी आणखी एका महिन्याचे पैसे भरले आहेत, आणि त्याचे कारण 'नेमेसिस'. पंचविसाव्या लेव्हलला आपला हाडवैरी आपणच घडवायचा असतो: त्याचा चेहरा, पोशाख, नाव, शक्ती, त्याचे हस्तक, सगळे. मग तो कथानकात शिरतो आणि भलत्या वेळी आपल्यावर माणसे घालतो. माझ्या वैऱ्याला मी करडा सूट, टाय आणि चकचकीत बूट दिले असून त्याचे नाव 'टाळेबंद' ठेवले आहे. गेल्या शनिवारी त्याच्या हस्तकांनी मला दोनदा लोळवले. त्याला तुरुंगात धाडण्याइतकी हिरड्याची लेव्हल अजून झालेली नाही.