दाढेचं काम एक नंबर, पण घाईत असाल तर जाऊ नका

ठाण्यातलं जुनं क्लिनिक आहे, डॉक्टर बेने इस्रायली म्हणजे आपले मराठी ज्यू, वयाने बरेच मोठे. दाराच्या चौकटीला उजवीकडे मेझुझाची, म्हणजे ज्यू लोक दाराला लावतात ती धर्मवचनाचा कागद असलेली छोटी डबी, आत भिंतीवर १८७९ सालच्या शार हाशामाईम सिनेगॉगचा (ठाण्यातलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ) फोटो आणि त्याच्याखालीच त्यांची वाजवायची पेटी (हार्मोनियम) झाकून ठेवलेली, त्यामुळे आधी वाटलं चुकून कुणाच्या घरात शिरलो की काय.

माझ्या खालच्या दाढेचं रूट कॅनल होतं. रबर डॅम, म्हणजे थुंकी दाढेत जाऊ नये म्हणून रबराचा पडदा, लावून काम करतात, जे बरेच जण टाळतात, आणि प्रत्येक फाईल (दाढेच्या मुळातली नळी साफ करायची बारीक सुई) आत घालायच्या आधी छोट्या पट्टीवर मोजून घेतात, लांबी दाखवणारं मशीन बीप झालं तरी एक्सरे काढून खात्री करणारच. कॅप बसवताना तर कमाल केली, निळा कागद चावायला द्यायचा, डाग बघायचा, जरासं घासायचं, परत कागद... पेटीवाला सूर जुळेपर्यंत सोडत नाही तसं. शेवटी जिभेला पण कळेना कॅप कुठली ते. खर्च आधीच कागदावर लिहून देतात.

आता तक्रार. वेळेत नंबर लागत नाही बुवा. कारण डॉक्टर बोलतात, आणि आपण आ करून पडलेलो, हो-नाही म्हणायची पण सोय नाही 😄 पण ऐकण्यासारखं असतं हो, बेने इस्रायलींची मराठी कीर्तनं १८८० च्या आसपास सुरू झाली, त्यात बायबलमधल्या योसेफ आणि मोशेच्या गोष्टी ओवी-साकीत गातात हे मला त्या खुर्चीतच कळलं. डॉक्टर स्वतः कीर्तनाला पेटीची साथ करतात. समाजातले बरेच लोक इस्रायलला गेले, जे म्हातारे इथे राहिलेत त्यांच्या कवळ्या घरी जाऊन नीट करून देतात, हे मात्र ते सांगत नाहीत, रिसेप्शनवरच्या ताईंकडून कळलं. एकदा मलिदाचे, म्हणजे त्यांच्या नवसाच्या प्रसादाचे, पोहे पण मिळाले, गोड, खोबरं घातलेले, तेव्हा दाढ तात्पुरती भरलेली होती म्हणून दुसऱ्या बाजूने खाल्ले.

पार्किंग नाही, जिना चढावा लागतो. शनिवारी बंद, शुक्रवारी संध्याकाळी दिवेलागणीच्या आत आवरतात, रविवारी चालू असतं पण गर्दी. मंगळवारी सकाळची वेळ घ्या.