पावडर कुठली मागवू? करवंटीचा कार्बन घ्या, रेडिमेड पॉलिॲनिलीन नको

सुपरकॅपॅसिटरवर, म्हणजे पटकन चार्ज साठवून पटकन देणाऱ्या सेलवर, काम सुरू करणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय, कारण लॅबमध्ये नवीन आलेलं प्रत्येक जण हेच विचारतं, दादा इलेक्ट्रोडसाठी पावडर कुठली मागवू. सरळ सांगतो, कुरारे या जपानी कंपनीचं वायपी-५०एफ मागवा आणि विषय संपवा.

हा नारळाच्या करवंटीपासून केलेला ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे कोकणात बंबात जाळतात तोच कच्चा माल. एका ग्रॅमला साधारण १६०० चौरस मीटर सरफेस एरिया, आपल्या हिशोबात चमचाभर पावडरीत १६ गुंठे जमीन. पण खरं कौतुक त्या आकड्याचं नाही, केओएचबरोबर (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) भट्टीत घातला तर याहून जास्त एरियाचा कार्बन कुठल्याही लॅबमध्ये निघतो, कौतुक याचं की आज सेल बनवा नाहीतर सहा महिन्यांनी, सीव्ही, म्हणजे व्होल्टेज वरखाली करून काढलेला करंटचा आलेख, तसाच चौकोनी येतो आणि ऑरगॅनिक (पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावकातल्या) इलेक्ट्रोलाइटमध्ये ग्रॅमला १०० फॅरडच्या आसपास मिळतात. अर्धं जग हाच कार्बन रेफरन्स म्हणून वापरतं त्यामुळे रिव्ह्यूअरही फार किरकिर करत नाही.

त्रास आहे, पण तो असल्या सगळ्याच बारीक कार्बनचा. मास्कशिवाय डबा उघडू नका, हवेतली ओल लगेच पितो म्हणून रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेवून मगच वजन करा. पीव्हीडीएफ (बाइंडर) आणि एनएमपीची (सॉल्व्हंट) स्लरी फॉइलवर जाड लावली की सुकताना भेगा पडतात आणि फॉइल वाकवली की पापुद्रे निघतात. मला पीटीएफई या दुसऱ्या बाइंडरची पद्धत आवडते, थोडं इथेनॉल टाकून गोळा मळायचा, लाटायचा, पंचने गोल चकत्या पाडायच्या, चौरस सेंटीमीटरला १० मिलिग्रॅम लोडिंग आरामात बसतं. निकेल फोमवर १ मिलिग्रॅम लावून मोठमोठे आकडे छापणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, केओएचमध्ये तो फोम स्वतःच चार्ज साठवतो हे त्यांनाही माहीत असतं.

स्वस्त म्हणून एका सप्लायरकडून 'सुपरकॅपॅसिटर ग्रेड' लिहिलेलं पाकीट आलं होतं, नाव घेत नाही. मफल फर्नेसमध्ये जाळल्यावर क्रुसिबलच्या तळाला चांगला राखाडी-तांबूस थर उरला. हा सरळसरळ पाण्याच्या फिल्टरचा माल. राखेत लोखंड असलं की सेल चार्ज करून ठेवला तरी आपोआप उतरत जातो आणि मग आपण सेपरेटरला शिव्या देत बसतो.

आता पॉलिॲनिलीन, म्हणजे वीज वाहून नेणारं पॉलिमर. रेडिमेड पावडर घेऊच नका. हिरवी हवी, आमच्याकडे आली ती निळसर, म्हणजे ॲसिड निघून गेलेलं, गोळी दाबून मल्टिमीटर लावला तर करंट जायला तयार नाही. त्यापेक्षा बर्फात बीकर ठेवून एचसीएलमध्ये ॲनिलीन आणि अमोनियम परसल्फेट घ्या, आत कार्बन क्लॉथ सोडा, बघता बघता गर्द हिरवं होतं, ग्लोव्हजसकट. स्वस्त पडतं आणि कापडाला पकडूनही बसतं. मॅकडायर्मिड या केमिस्टनी यावर बरीच वर्षं काम केलं, वीजवाहक पॉलिमरसाठी दिलेल्या २००० सालच्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता, सगळं खरं, पण चार्ज-डिस्चार्ज होताना हे पॉलिमर फुगतं आणि आक्रसतं, त्यात सायकल लाइफ जातं ते जातंच.

शिवाय पॉलिॲनिलीनचे ग्रॅमला ४०० फॅरड बघून हुरळू नका. त्याला पाण्यातलं ॲसिड लागतं, म्हणजे सेल १ व्होल्टच्या आतबाहेर अडकला. कार्बन ऑरगॅनिकमध्ये २.७ व्होल्टपर्यंत जातो आणि एनर्जीत व्होल्टेजचा वर्ग येतो, १०० गुणिले ७.३ करा नि ४०० गुणिले १ करा, कोण जिंकतं ते कळेल.

माझ्याकडून कार्बनला ५ पैकी साडेचार, अर्धा कापला तो किमतीसाठी, घरी केलेल्या पॉलिॲनिलीनला ३, पाकिटातल्याला १. ऑर्डर कोणालाही द्या, पण त्या बॅचचं सर्टिफिकेट आधी मेलवर मागवा आणि त्यात राखेचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर पीओ (खरेदीची ऑर्डर) काढू नका.