म्हापशाची खानावळ, तारले खायला तरी एकदा जाच

म्हापसा मार्केटच्या मागच्या गल्लीत सहा टेबलांची खानावळ आहे, आज काय मासा आलाय ते बोर्डावर खडूने लिहितात. गेली आठ-नऊ वर्षं जेवतोय तिथे. तारल्यांचं (म्हणजे सार्डिन माशांचं) हुमण, म्हणजे नारळाची आमटी, तिरफळं घालून, रवा लावून फ्राय, उकडा भात, सुक्या मासळीचं किसमूर, सगळं मस्त, सोलकढी मात्र पातळ असते. पण मला सगळ्यात आवडतं ते हे की खानावळ चालवणाऱ्या काकी तोंडावर सांगतात, "आज तारले नको घेऊस रे, सुके आहेत."

सुके म्हणजे तेल न भरलेले. तारल्याची चव त्या तेलातच असते आणि ते तेल समुद्र देतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला खालचं थंड पाणी वर येतं, त्यातल्या पोषक द्रव्यांवर प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) दणकून वाढतं आणि ते खाऊन तारले पावसानंतर गुबगुबीत होतात. पण त्याच पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, तो फारच उतरला तर मासा जागा सोडतो. दोनापावलाची एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कांदोळीसमोर कितीतरी वर्षं हे मोजतेय.

२०१५-१६ च्या एल निन्योत (प्रशांत महासागर तापतो आणि जगभरचं हवामान बिघडतं, ते) पाणी तापलं तेव्हा इथल्या बोर्डावर तारले हा शब्दच महिनोन्महिने दिसला नाही, बांगड्यावर भागवलं. केरळात तर २०१२ ला जवळपास ४ लाख टन तारले मिळाले होते, २०२१ ला फक्त ३,२९७ टन! सगळा दोष पाण्याचा नाही हं, बारकी पिल्लं जाळ्यात ओढली तर पुढच्या वर्षी येणार कुठून, हे काकीच चिडून सांगतात आणि बोटभर तारले त्या विकतच घेत नाहीत. याला माझे पूर्ण मार्क.

त्यांचा भाचा मालीम जेटीवरून बोटीवर जातो. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासा कुठे मिळू शकेल ते त्याला मोबाईलवर कळतं, सॅटेलाइटवरून पाण्याचं तापमान आणि प्लँक्टनमुळे आलेला हिरवेपणा बघून काढतात म्हणे, ढग असले की तेही अडतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, तेव्हा इथे सुकी मासळी नाहीतर तिसऱ्या (शिंपल्या), बर्फातला मासा ताजा म्हणून कधीच खपवत नाहीत. थाळी २०० रुपये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा आणि साडेबाराच्या आत पोचा, दीडनंतर तारले संपलेले असतात.