अर्धा इंटरकूलर खोटा निघाला

हे लिहायचं गेले चार महिने टाळतोय, कारण खरं सांगायचं तर लाज वाटते. गाड्यांमधलं थोडंफार कळतं असं माझं मलाच वाटायचं, कोणी गाडी घेणार असलं की आधी मला विचारायचं, आणि त्या मलाच भरदिवसा टोपी घातली. जुन्या टर्बो गाडीला पुढचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणारा कूलर, बसवून घ्यायचं कोणाच्या डोक्यात असेल तर त्याने आधी हे वाचावं, मग काय करायचं ते करावं.

गाडी माझदाची आरएक्स-७, एफसी, १९८८ चं टर्बो मॉडेल. रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे रोटर, ६५४ सीसीचे दोन, मिळून १३०८ सीसी. हिचा मूळ इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावरच बसतो आणि बॉनेटवरच्या खाचेतून त्याला वारं मिळतं. चालत्या गाडीत ठीक, पण दहा मिनिटं ट्रॅफिकमध्ये अडकलात की खालून इंजिनची धग लागून तो कूलर स्वतःच तवा होतो, आणि मग सिग्नल सुटल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं गाडीत दमच नसतो. आता इंजिनात जास्त हवा कोंबायला टर्बो ती दाबतो तेव्हा ती तापतेच. टर्बो ७० टक्के कार्यक्षम धरला तर बाहेरची ३० अंशांची हवा ७ पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं माप) दाबली की ८० अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा विरळ, ताकद कमी, आणि वर नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल आत अवेळी भडकण्याचा धोका. रोटरीत नॉकिंग झालं की रोटरच्या टोकांच्या एपेक्स सील जातात, म्हणजे अख्खं इंजिन उघडायचं. म्हणून कूलर बंपरच्या मागे, रेडिएटरच्या पुढे न्यायचा, जिथे सरळ वारं लागतं. कल्पनेत काही चूक नव्हती, आजही नाही.

गॅरेज ओळखीतून मिळालं. नाव घेत नाही. मालक बोलायला एकदम गोड, 'दादा दादा' करत माझ्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला अशा गाडीला साधा माल लावणं म्हणजे पाप आहे. मग एका नामांकित जपानी कंपनीचा लोगो असलेला कोर, म्हणजे कूलरचा मुख्य जाळीचा भाग, दाखवला. बार अँड प्लेट (पट्ट्या आणि पत्रे जोडून केलेला), चकचकीत, बंपरच्या जवळजवळ रुंदीचा, हवा जायच्या बारा ओळी. मी मोजल्या होत्या हो, बारा! आणि दोन कागद दाखवले, डायनोचे, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे, आधीचा आणि नंतरचा, 'सेम तुमच्यासारखीच गाडी दादा'. मी ताकदीचा आकडा बघितला आणि खूश झालो. घरी आल्यावर त्या कागदांचा मोबाइलवर काढलेला फोटो मोठा करून बघितला असता तर तिथेच विषय संपला असता, कारण कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, सिलिंडर ४. अरे रोटरीला सिलिंडरच नसतात, मग हे चार कुठून आले? पण हे मला दिसलं तीन महिन्यांनी.

एका आठवड्याचं काम तीन आठवडे चाललं. मध्ये एकदा गेलो तर 'आत वेल्डिंग चालू आहे, डोळ्यांना लागेल' म्हणून बाहेरच बसवलं. ही माझी दुसरी चूक. गाडी मिळाली त्या दिवशी मात्र मी हवेत होतो. जाळीतून तो लोगो दिसतोय, गिअर बदलला की फुस्स आवाज येतोय, पोरं वळून बघतायत. जुना इंटरकूलर मागितला तर म्हणाला तो काढताना फुटला दादा, भंगारात टाकला. मी म्हटलं बरं. हे 'बरं' मला फार महाग पडलं, पण ते पुढे येईलच.

पहिली कुरबूर त्या फुस्स आवाजाचीच. गिअर बदलताना गाडी अडखळायची आणि मागून एक फटाका फुटायचा. कारण साधं आहे. या गाडीत इंजिनात किती हवा गेली हे एअर फ्लो मीटर सुरुवातीलाच मोजतो आणि त्या मापाने पेट्रोल जातं. गिअर बदलताना जादा दाब सोडणाऱ्या ब्लो ऑफ व्हॉल्व्हने ती मोजलेली हवा परत मीटर आणि टर्बोच्या मधल्या पाइपात सोडायची असते. यांनी ती बाहेर सोडून दिली, म्हणजे पेट्रोल आलं पण त्याच्या वाट्याची हवा उडून गेली. मालक म्हणे आवाज आवडला नाही का? आवडला होता, तेच तर.

दुसरी जास्त गंभीर. आधी बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबाचा काटा ७ पीएसआयला जायचा, आता ४ वर अडकायला लागला. तक्रार घेऊन गेलो तर मलाच ज्ञान दिलं, की मोठ्या कूलरला लॅग असतोच, म्हणजे दाब उशिरा चढतो, पाइप लांब आहेत, सेटिंग लागेल. गाडी अर्धा तास आत घेतली आणि बाहेर आणली तेव्हा काटा बरोबर ७ वर! मी त्याला थँक्यू म्हणून आलो. खरंच म्हटलं थँक्यू.

त्यानंतर इंजिनचं टेम्परेचर चढायला लागलं. मी नंतर बसवलेला वेगळा मीटर आहे, एरवी ९० च्या आसपास राहायचा तो सरळ रस्त्यावर १०५ दाखवायला लागला. जुन्या गाडीतला मूळ काटा उशिरा हलतो, त्याच्या भरवशावर राहिलो असतो तर मला कळलंच नसतं. पुन्हा फोन, पुन्हा तेच, पुढे कूलर आला की रेडिएटरला थोडं कमी वारं मिळतं दादा, नॉर्मल आहे. हे अर्धसत्य आहे आणि अर्धसत्यच माणसाला जास्त गंडवतं. वारं कमी होतंच, पण म्हणूनच कूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटी पत्र्याने किंवा फोमने बंद करायच्या असतात, नाहीतर वारं बाजूने पळून जातं. या कामात एकही फट बंद केलेली नव्हती.

मग एका चढावर धडाम आवाज झाला, मागे काळा धूर आणि गाडी बंद. बॉनेट उघडलं तर टर्बोकडून येणारा पाइप रबरी होजमधून निसटलेला. पाइपच्या टोकाला कॉलर नाही, एकदम गुळगुळीत नळी, त्यावर साधी पाण्याच्या पाइपाची होज क्लिप. बूस्टच्या पाइपाला टोकाला फुगवटा लागतो आणि बोल्टने घट्ट आवळायचा टी-बोल्ट क्लॅम्प लागतो, हे मलाही माहीत होतं, फक्त मी वाकून बघितलं नव्हतं. रस्त्याकडेला बसून पाइप परत चढवला आणि सहज, काही कारण नसताना, जाळीतून बोटं घालून कोरला हात लावला.

वरचा भाग गरम. खालचा गार. कोमटसुद्धा नाही.

आता ज्या बाजूने हवा आत शिरते ती बाजू जास्त गरम आणि जिथून बाहेर पडते ती कमी, हे व्हायलाच पाहिजे. पण माझ्या कूलरमध्ये हवा उजवीकडून डावीकडे जाते. मग वर-खाली फरक कसा? तिथेच पोटात गोळा आला.

त्या रविवारी मित्राला बोलावलं आणि दोघांनी बंपर उतरवला. पहिला धक्का, आतला बारच नाही, धडक झेलायला असतो तो. कूलर बसत नव्हता म्हणून ग्राइंडरने कापून टाकलेला, मला न विचारता, आणि कापलेल्या टोकांवर काळा स्प्रे मारलेला. मित्र म्हणाला, 'अरे तू एवढे दिवस ही अशी चालवत होतास?' यावर काय बोलणार. मग पाइप काढून कूलरच्या तोंडातून टॉर्च मारला. बारा ओळींपैकी वरच्या सात ओळींची तोंडं दिसत होती. खालच्या पाचांच्या जागी सपाट पत्रा. बाजूची टाकी मुळात लहान कोरची होती, ती मोठ्या कोरवर वेल्ड केली होती आणि उरलेल्या ओळी आतून पत्रा लावून बुजवल्या होत्या. बाहेरून बारा, आतून सात. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि गंमत बघा, त्या पाच ओळी हवा गार करत नव्हत्या पण रेडिएटरचं वारं मात्र इमानेइतबारे अडवत होत्या.

लोगो नखाने निघाला. स्टिकर.

मग तो बूस्ट ७ वर कसा आणला? ते शोधायला जास्त वेळ गेला. वेस्टगेटला, म्हणजे टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेला, जाणाऱ्या बारीक होजमध्ये, अगदी खाली, जिथे हात नीट जात नाही तिथे, एक पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवलेला आणि त्याला एक छोटा स्क्रू. वेस्टगेटला जायचा दाब त्यातून थोडा गळू द्यायचा म्हणजे तो उशिरा उघडतो आणि टर्बो जास्त फिरतो. आम्ही दोन मीटर लावले, एक कूलरच्या आधी आणि एक नंतर. नंतर ७, आधी ११. चार पीएसआय नुसते कूलरमध्ये अडकत होते. एवढ्याशा ताकदीच्या गाडीला चांगल्या कोरमध्ये १ च्या आसपास फरक पडावा. म्हणजे माझ्या काट्यावर ७ दिसावे म्हणून बिचारा टर्बो ११ बनवत होता, आणि ११ ला तीच ३० अंशांची हवा १०० च्या वर जाते. हवा गार करायला पैसे दिले आणि हवा आणखी तापवून घेतली! नुसतं खराब काम असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं, हात बसलेला नाही म्हणून सोडून दिलं असतं. पण दोष त्याला माहीत होता आणि त्याने तो स्क्रू फिरवून काट्यापुरता लपवला, त्याने माझं इंजिन डावावर लावलं, याचा राग अजून गेलेला नाही.

भांडायला गेलो तर चोराच्या उलट्या बोंबा. म्हणे तुम्ही दुसरीकडे उघडलंत ना, आता आमची जबाबदारी संपली. बिलावर फक्त 'इंटरकूलर किट फिटिंगसह' एवढंच. कंपनी नाही, माप नाही, सिरियल नंबर नाही. कूलरचे म्हणून फोटो माझ्याकडे होते ते सगळे गाडीसोबत पोज देऊन काढलेले, सुट्या कोरचा एकही नाही. त्यामुळे सांगतो, कोर बसवायच्या आधी हातात घ्या, दोन्ही तोंडांतून टॉर्च मारा, ओळी बाहेरून नाही तर आतून मोजा, तसेच फोटो काढा आणि बिलावर नाव-माप लिहून घ्या. गाडी ताब्यात घेताना तुमच्यासमोर प्रेशर टेस्ट करायला सांगा, टर्बोच्या तोंडाला बूच, त्यातून १० पीएसआयच्या आसपास हवा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी, अर्ध्या तासाचंही काम नाही. जो टाळाटाळ करेल तिथून गाडी घेऊन निघा. बूस्ट कमी दिसला तर आधी कूलरच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजा, 'सेटिंग' नंतर. आणि निघालेला प्रत्येक जुना भाग, फुटका असला तरी, त्याच दिवशी डिकीत टाका.

कारण पुढे असं झालं. मूळ कूलर परत बसवायचा ठरवला आणि जुने पार्ट शोधायला लागलो. या गाडीचा कूलर सहज मिळत नाही. दोन महिन्यांनी मित्राने एक विक्रीची जाहिरात पाठवली, 'ओरिजिनल, एकदम क्लीन, कुठेही डॅमेज नाही'. फोटो मोठा केला. डाव्या कोपऱ्यात तीन फिन, म्हणजे कूलरच्या पातळ पट्ट्या, वाकलेल्या, एकमेकींना चिकटून. चार वर्षांपूर्वी माझ्या हातून स्क्रूड्रायव्हर पडला होता तेव्हाच्या त्या. विकणारा कोण हे सांगायलाच नको.

मी स्वतः गेलो असतो तर त्याने दिला नसता, म्हणून मित्राला पाठवला. घासाघीस करू नकोस म्हटलं, मागेल तेवढे दे. परवा बसवला. बूस्ट ७, टेम्परेचर ९०, सिग्नलला पूर्वीसारखाच तापतो. त्या तीन फिन मी सरळ केलेल्या नाहीत.