कॉफीचा सीओटू अर्क: अत्तरासाठी कसा आहे?

रविवार पेठेत अत्तराच्या कामासाठी कॉफी मागताना ‘भाजलेल्या बियांचा सीओटू अर्क’ (म्हणजे दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने काढलेला अर्क) असं स्पष्ट सांगा, नाहीतर गोडसर कृत्रिम कंपाउंड हातात पडेल. अस्सल अर्क गडद तपकिरी आणि तेलकट असतो. पुण्याच्या थंडीत तो घट्ट होतो किंवा तळाशी गाळ धरतो. ही भेसळ नव्हे, बियांतलंच तेल आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवून नीट हलवा, मगच वजन करा.

खरी डोकेदुखी त्या तेलाचीच. १ ग्रॅम अर्क ९ ग्रॅम अत्तराच्या अल्कोहोलमध्ये घातला की द्रावण गढूळ होतं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि थंड असतानाच फिल्टर पेपरमधून गाळा. घाईने गाळलंत तर उरलेलं तेल पुढे स्प्रेचा नॉझल बुजवतं. अत्तर पातळ करायला वापरतात त्या द्रवांपैकी डीपीजीत (डायप्रोपिलीन ग्लायकॉल) हे तेल विरघळत नाही, आयपीएममध्ये (आयसोप्रोपिल मायरिस्टेट) छान मिसळतं.

वास मात्र लाजवाब! वास घ्यायच्या कागदी पट्टीवर आधी ताज्या भाजणीचा खमंगपणा येतो, मग धुरकट कडवटपणा. तो खमंगपणा ज्या गंधकयुक्त रेणूंमुळे येतो, ते हवेने लवकर बिघडतात. म्हणून मोठी बाटली घेऊच नका. ५ मिली पुरे.

तयार अत्तरात मूळ अर्क अर्धा टक्का ठेवून सुरुवात करा. जास्त झाला तर जळका वास येतो आणि पांढऱ्या कपड्यावर डाग पडतो. पचौली (मातकट वासाचं पानांचं तेल) आणि व्हॅनिलिनबरोबर (व्हॅनिलाचा वास देणारा पदार्थ) उत्तम जमतो, मोगऱ्याला मात्र दाबून टाकतो.